मृगापूर्वी पन्हळ मोकळी हवी



रोहिणी नक्षत्र लागले की मराठवाड्यातील खेड्यांत निराळीच लगबग सुरू होते. नांगरलेल्या रानात वखराच्या पाळ्या पडतात, बांधांची डागडुजी होते, बियाण्यांची पोती तपासली जातात, खताची तजवीज केली जाते. शेत मृगाच्या स्वागतास सज्ज होते. परंतु ज्या छपराखाली ते बियाणे ठेवलेले असते, त्या छपराकडे पाहण्यास पुष्कळदा सवड होत नाही. पहिला मोठा पाऊस कोसळतो, पन्हळ तुंबते, पाणी वाट फुटेल तिकडे धावते आणि घरातील माणसे पातेली व बादल्या घेऊन रात्रभर गळती झेलीत बसतात. सोयाबीनचे बियाणे ओलावते, हळदीच्या पोत्यांना बुरस चढतो, मुलांची वह्या-पुस्तके भिजतात. ज्या पावसाची चातकासारखी वाट पाहिली, तोच घरात शिरला की संकट होऊन बसतो.

हे संकट बहुतांशी टाळता येण्याजोगे आहे. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. एक शिडी, एक खराटा, एक घमेले आणि घरच्या दोन माणसांचा एक दिवस एवढीच त्याची किंमत आहे. उलट ते काम राहून गेले तर त्याची भरपाई भिंतीने, छपराने आणि क्वचित घरातील माणसांच्या जीवितानेही करावी लागते. यास्तव पावसाळ्यापूर्वी घराची पन्हळ साफ करणे ही बाब किरकोळ न मानता तिचा थोडा सविस्तर विचार करणे अगत्याचे आहे.

पाऊस किती आणि कसा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार असून दर शंभर माणसांपैकी सुमारे ८५ माणसे खेड्यांत राहतात. उत्तरेकडून पैनगंगा, मधून कयाधू आणि नैर्ऋत्येकडून पूर्णा अशा नद्यांनी हा मुलूख वेढलेला आहे. वर्षाकाठी येथे साधारणतः ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो.

कोकणाच्या मानाने हा पाऊस थोडा वाटेल. म्हणूनच येथील माणूस छपराच्या बाबतीत काहीसा निर्धास्त असतो. परंतु घराला धोका वर्षाच्या एकूण पावसापासून नसतो. तो एका तासात किती पाऊस कोसळतो यापासून असतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी जमा होते. पन्नास चौरस मीटरच्या साध्या घरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर अडीच हजार लिटर पाणी छपरावर उतरते. दोनशे लिटरची बारा पिंपे भरून उरेल इतके हे पाणी तासाभरात वाहून जावयास हवे. एखाद्या कोपऱ्यातील पन्हळीच्या तोंडाशी पालापाचोळ्याचा बोळा बसला असेल, तर यातील कितीतरी पाणी छपरावरच थांबते आणि आपला मार्ग भिंतीतून शोधू लागते.

असे पाऊस अलीकडे पुन्हा पुन्हा अनुभवास येत आहेत. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात अतिवृष्टीने पाणी शिरले. सप्टेंबर २०२४ च्या आरंभी हिंगोली, परभणी व नांदेड या जिल्ह्यांना मुसळधार पावसाने झोडपून काढले. नदीचा पूर पन्हळ साफ करून अडविता येत नाही, हे खरेच. परंतु नदीपासून कोसभर दूर असलेले घरदेखील अशा पावसात सुरक्षित असतेच असे नाही. तेथे पूर बाहेरून येत नाही, तो आपल्याच छपरावर तयार होतो. आणि त्याला वाट करून देणे हे सर्वस्वी घरधन्याच्या हाती असते.

माळवद आणि पांढरी माती

या प्रदेशाचे जुने घर म्हणजे माळवदाचे घर. जाड भिंतींवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर किलचांचा दाट थर, त्यावर काड्या व पालापाचोळा आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचे जाड आच्छादन, अशी या छपराची घडण असते. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहणारे हे छप्पर वैशाखातील कडक उन्हाला दिलेले एक शहाणपणाचे उत्तर आहे.

माळवदासाठी पांढरीच माती का, याचेही उत्तर अनुभवाने दिलेले आहे. आपल्या खेड्यांत 'काळी' म्हणजे शेत आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण, हा भेद फार जुना आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. तिला बोट शिरेल एवढ्या भेगा पडतात. अशी माती छपरावर घातली तर पहिल्याच उन्हात ती फाटावयाची आणि पहिल्याच पावसात गळावयाची. पांढरी माती त्या मानाने कमी फाटते आणि ओली झाली की दाट बसते. म्हणून दर वर्षी मृगापूर्वी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा हात फिरविण्याची रीत पडली.

छपराची ही वार्षिक सेवा आपल्या संस्कृतीत किती आपुलकीची मानली गेली, याची साक्ष याच जिल्ह्याच्या मातीत आहे. हिंगोली तालुक्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांची झोपडी खुद्द पांडुरंगाने शाकारून दिली, ही कथा महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या सांगितली आहे. देवाने भक्ताला सोन्याचा वाडा दिला असे या कथेत नाही. त्याने पावसाआधी छप्पर ठीक करून दिले, आणि गोरगरिबांना त्यातच देवाची खरी माया दिसली.

छपरावरचे ओझे

परंतु या जुन्या रीतीत एक दोष नकळत शिरलेला आहे आणि तो केवळ गळतीचा नसून जिवावर बेतणारा आहे. माळवद गळू लागले की त्यावर आणखी माती टाकावयाची, हा सर्वसाधारण उपाय होऊन बसला. दर वर्षी नवी माती वर चढते, जुनी मात्र खाली उतरत नाही. आजोबांच्या काळी वीतभर असलेला थर नातवाच्या काळी दोन फुटांवर जातो.

या थराचे वजन किती होते याचा हिशेब करून पाहावा. ओल्या मातीचा दहा सेंटिमीटर जाडीचा थर एका चौरस मीटरवर सुमारे १८० ते २०० किलो भार टाकतो. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा एका खोलीवर दोन फूट जाडीची माती असेल, तर त्या खोलीच्या डोक्यावर सुमारे १२ टन ओझे झाले. वाळवीने पोखरलेल्या तुळया आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती हे ओझे वर्षानुवर्षे मुकाट्याने वाहत असतात.

या ओझ्याचा अर्थ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मराठवाड्याला कळला. किल्लारीच्या परिसरातील त्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची अवजड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हे या मनुष्यहानीचे एक प्रमुख कारण होते. त्यानंतर तज्ज्ञांनी जुन्या घरांच्या बळकटीसाठी ज्या सूचना केल्या, त्यांत माळवदावरील मातीचा थर कमी करणे ही एक महत्त्वाची सूचना होती.

हिंगोली जिल्ह्याने ही गोष्ट दूरच्या मुलखातील म्हणून विसरून चालणार नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत भूगर्भातून येणारे आवाज लोकांनी कित्येकदा ऐकले आहेत. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेच्या भूकंपाची नोंद झाली. यांपैकी दुसरा धक्का ऐन पावसाळ्यात, माती भिजून जड झालेली असण्याच्या दिवसांतच बसला, हे विशेष ध्यानात घ्यावे.

येथेच पन्हळीचे महत्त्व खऱ्या अर्थाने प्रकट होते. माळवद गळते ते पुष्कळ वेळा माती थोडी आहे म्हणून नव्हे, तर पाणी थांबते म्हणून. पन्हळीच्या तोंडाशी गवत उगवलेले असते, कठड्याच्या कडेला गाळ साचून उतार उलटा झालेला असतो आणि मध्येच खोलगट जागा पडून तेथे तळे भरते. अशा स्थितीत कितीही माती घातली तरी गळती थांबत नाही, केवळ ओझे वाढते. म्हणून माळवदाच्या घरात कामाचा क्रम असा असावा : प्रथम गवत मुळासकट काढावे, पन्हळ मोकळी करावी, उतार पन्हळीकडे आहे की नाही ते पाहावे, खळगे पडले असतील तर उंचवट्याचीच माती ओढून ते भरावेत, आणि एवढे करूनही नवी माती घालावयाचीच झाली तर आधी तेवढीच जुनी माती खाली उतरवावी. ओझे वाढता कामा नये, हा नियम घराने घालून घ्यावा. जाड थर कमी करावयाचा असेल तर तो एका बाजूने न खणता सर्व छपरावरून सारखा, थोडा थोडा काढावा आणि त्यापूर्वी तुळया व भिंती जाणत्या गवंड्याकडून व सुताराकडून तपासून घ्याव्यात. मातीच्या थरात जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर कमी मातीतही पाणी अडते, हेही सांगितले पाहिजे.

पत्र्याचे घर

माळवदाची जागा आता मोठ्या प्रमाणावर पत्र्यांनी घेतली आहे. पत्रा हलका असतो, लवकर बसतो आणि भूकंपाच्या दृष्टीने कमी धोक्याचा ठरतो. परंतु त्याचीही निगा आहेच. पत्र्याच्या छपराला जेथे खिळे किंवा हूक मारलेले असतात, तेथील डांबरी वायसर दोन-चार उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतात आणि त्या छिद्रातून थेंब थेंब पाणी उतरू लागते. दर वर्षी एकेक हूक हाताने हलवून पाहावा, सैल असेल तो घट्ट करावा आणि तडकलेला वायसर बदलावा.

वादळाने पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र दिसते. ही सवय दुहेरी घातक आहे. दगडाखाली ओल व कचरा धरून पत्रा गंजतो. आणि वादळात पत्रा उचललाच गेला तर तो दगड घरातील माणसांच्या अंगावर येतो. पत्रे दगडाने दाबून ठेवण्याऐवजी खालच्या कैच्यांना व लाकडांना हुकांनी नीट जखडणे हाच खरा उपाय होय.

जेथे दोन छपरे एकमेकांना मिळतात तेथील पत्र्याची खोलगट पन्हळ ही या घराची सर्वांत नाजूक जागा. कडुनिंबाची पाने, निंबोळ्या, सोयाबीनचा भुसा, चिमण्यांची घरटी असे सारे काही तेथे गोळा होते. ही पन्हळ भरली की पाणी पत्र्याच्या कडेवरून थेट आतील भिंतीवर उतरते. जाताना छपरावर ठेवलेल्या पऱ्हाट्या, तुराट्या, मोडकी खाट, जुने टायर हे सारे खाली आणावे. छप्पर हे अडगळीचे ठिकाण नव्हे.

गच्चीचे पाणी

घरकुल योजनांमधून आणि स्वतःच्या कष्टाच्या पैशातून खेडोपाडी सिमेंटच्या गच्चीची घरे उभी राहिली आहेत. गच्ची पक्की म्हणून तिच्याकडे पाहावयास नको, असा एक समज आढळतो. वस्तुतः गच्चीचा शत्रू दिसत नाही, एवढाच फरक आहे. गच्चीवर थांबलेले पाणी बारीक चिरांतून आत झिरपते आणि काँक्रीटमधील लोखंडी सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजते, गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापते, आणि त्या दाबाने खालचे काँक्रीट फुटून पोपडे पडू लागतात. छताला प्रथम पिवळसर डाग पडतो, मग पापुद्रा सुटतो, मग सळई उघडी दिसते. हा डाग दिसताच जागे व्हावे. सळई दिसू लागल्यावर खर्च कितीतरी पटींनी वाढलेला असतो.

गच्चीला दर शंभर सेंटिमीटर लांबीस किमान एक सेंटिमीटर उतार असावा आणि तो पाणी जाण्याच्या नळीकडे असावा. तासाला १०० मिलिमीटर इतका जोराचा पाऊस धरला तर चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाची एक उभी नळी सुमारे ४० चौरस मीटर गच्चीचे पाणी वाहून नेऊ शकते. मोठ्या गच्चीला एकच नळी ठेवणे किंवा काटकसरीपायी बारीक नळी बसविणे हे पुढे महागात पडते. नळीच्या तोंडाला उभट जाळी बसवावी. सपाट जाळी एका पिंपळपानानेही झाकली जाते. उभट जाळीच्या तळाशी पाने जमली तरी वरून पाणी जात राहते.

कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यात सिमेंटचा गोलसर उतार दिलेला असतो, तो उखडला असेल तर पावसापूर्वी पुन्हा करून घ्यावा. या सांध्यात आणि नळीच्या तोंडाशी वड-पिंपळाची रोपे हमखास उगवतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले ते बी चिमूटभर मातीवर तग धरते आणि दोन वर्षांत मूळ भिंतीत घालते. वरवर खुडलेले रोप पुन्हा फुटते. म्हणून ते बोटाएवढे असतानाच मुळासकट काढून ती चीर सिमेंटने बुजवावी. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळत घातलेले असतात, हळद व मिरची पसरलेली असते. ते सारे उचलताना त्यासोबत आलेले दगड, विटा, दोऱ्या आणि फाटकी पोतीही उचलली जावीत. नळीत जाऊन बसणारी पहिली वस्तू बहुधा हीच असते.

पाणी पडते कोठे?

छपरावरचे पाणी पन्हळीतून बाहेर पडले म्हणजे काम संपले असे नाही. ते पडते कोठे, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. हिंगोली जिल्ह्याच्या मोठ्या भागात घरे काळ्या मातीवर उभी आहेत. पन्हळीचे पाणी भिंतीच्या पायथ्याशीच धबाधबा पडत राहिले तर तेथील माती फुगते, उन्हाळ्यात ती आक्रसते आणि वर्षानुवर्षे पाया वर-खाली होत राहतो. खिडकी-दाराच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात त्यांचे मूळ पुष्कळदा या पायथ्याच्या पाण्यात असते. गवंडी भेग बुजवितो, रंगारी रंग देतो आणि पुढील वर्षी ती भेग पुन्हा उघडते. कारण पाणी जागचे हललेले नसते.

यावर उपाय साधा आहे. घराभोवती दोन ते तीन फूट रुंदीचा, बाहेरच्या बाजूस उतरता असा फरशीचा किंवा कोब्याचा पट्टा करावा. पन्हळीच्या तोंडाला नळी जोडून पाणी या पट्ट्याच्या पलीकडे, नालीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघड्या सांडपाण्यापासून आणि डासांपासून सुटका करून घेतली, हे उदाहरण समोर आहेच. मात्र शोषखड्डा भिंतीला लागून कधीही घेऊ नये. तो पायापासून किमान दहा फूट दूर असावा आणि चोपण काळ्या मातीत तो मुरमापर्यंत खोल न्यावा.

ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, तेथे हे पाणी केवळ टाकून देणेही बरे नव्हे. पन्नास चौरस मीटर छपरावर वर्षाला ८०० मिलिमीटर पावसातून ४० हजार लिटर पाणी पडते. काही पाणी उडून, सांडून गेले तरी तीस हजार लिटर हाती लागू शकते. हे पाणी गाळणीतून आड, विहीर किंवा कूपनलिकेकडे वळविता येते. परंतु त्याचीही पहिली अट छप्पर व पन्हळ स्वच्छ असण्याचीच आहे. घाणेरड्या छपराचे पाणी विहिरीत सोडणे म्हणजे विहीर नासविणे होय. म्हणून पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी वाहू द्यावे आणि नंतरचेच साठवावे.

आरोग्याचा प्रश्न

तुंबलेली पन्हळ ही डासांची नर्सरी असते. डेंग्यूचा प्रसार करणारा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि सुमारे आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आरोग्य विभाग आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्यास सांगतो, तो घरातील रांजण व पिंपांसाठी पाळला जातो. परंतु छपरावरची पन्हळ, फुटके मडके आणि टाकीचे उघडे झाकण दृष्टिआड राहते. पावसाळ्यात कोरड्या दिवशी एकदा वर नजर टाकावी.

भिंतीतील ओल धान्याच्या कोठीपर्यंत पोहोचली तर ज्वारीला बुरशी धरते, भुईमुगाच्या शेंगांवर विषारी बुरशी वाढू शकते. सोयाबीनचे बियाणे तर फारच नाजूक. त्याची किमान ७० टक्के उगवण असावी असे प्रमाण आहे. घरी राखून ठेवलेले बियाणे पेरणीच्या तोंडावर ओलावले तर ते या कसोटीस उतरत नाही आणि शेतकऱ्यास दुबार पेरणीचा फटका सोसावा लागतो. छपरातील एका गळतीची किंमत अशा रीतीने थेट शेतापर्यंत जाते.

काम केव्हा आणि कसे करावे

वर्षातून चार वेळा छपरावर नजर फिरवावी. पहिली व मुख्य सफाई मे महिन्याच्या मध्यास, म्हणजे वळवाच्या सरी सुरू होण्याच्या सुमारास करावी. कडुनिंबाची पानगळ फाल्गुनात होऊन गेलेली असते, ती सारी या सफाईत निघते. दुसरी पाहणी पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर, कारण उतार बरोबर आहे की नाही हे पाणीच दाखवून देते. शिवाय ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्या गळतात आणि मोकळी केलेली पन्हळ पुन्हा भरू लागते. तिसरी पाहणी पोळ्याच्या सुमारास, परतीच्या जोरदार पावसापूर्वी. चौथी दिवाळीनंतर, सोयाबीनच्या मळणीचा भुसा उडून छपरावर बसतो तेव्हा.

कचरा कोरडा असतानाच हाताने किंवा खुरप्याने काढून घमेल्यात भरावा. पाण्याच्या झोताने तो नळीत ढकलणे म्हणजे आजचा अडथळा उद्याच्या अवघड जागी नेऊन ठेवणे होय. पन्हळ साफ झाली की वरून दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. पाणी विनाविलंब खाली आले तर नळी मोकळी आहे. फुगून मागे आले तर बांबूची लवचीक कांब किंवा जाड तार घालून बोळा खालच्या बाजूने ओढून काढावा. निघालेला गाळ व पाला खताच्या खड्ड्यात टाकावा; तो उत्तम खत होतो.

हे काम करताना सावधगिरी हवी. शिडी घट्ट जमिनीवर टेकवावी आणि खाली एक माणूस ती धरून उभा असावा. घरावरून किंवा शेजारून विजेच्या तारा जात असतील तर लोखंडी शिडी वापरू नये. पत्र्याला टेकलेली वायर ओलीत पत्राभर वीज पसरवू शकते; अशी वायर दिसल्यास आधी मुख्य बटण बंद करावे आणि ती जाणत्या तारतंत्र्याकडून दूर करून घ्यावी. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. तो अचानक तुटतो. खालच्या लाकडाच्या रेषेवर फळी टाकून तीवरूनच चालावे. पाल्यात हात घालण्यापूर्वी काठीने तो हलवावा, कारण विंचू व साप ओलाव्याच्या आश्रयाला तेथे येतात. आभाळ गडगडू लागले की काम अर्धे असले तरी खाली उतरावे. वीज पडून दर वर्षी मराठवाड्यात माणसे दगावतात. पन्हळीपेक्षा प्राण मोलाचा आहे.

घराकडून गावाकडे

एका घराची पन्हळ मोकळी झाली आणि गल्लीतील नाली तुंबलेलीच राहिली तर ते पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्यात शिरते. म्हणून हा प्रश्न जितका घराचा तितकाच गावाचा आहे. १ मे रोजी होणाऱ्या ग्रामसभेत पावसाळापूर्व सफाईचा विषय घ्यावा, नाल्यांची कामे वाटून द्यावीत आणि मेअखेर ती पुरी करावीत. संत गाडगेबाबांच्या नावाने या राज्यात ग्रामस्वच्छतेची चळवळ उभी राहिली. हातात खराटा घेण्यात कमीपणा नाही, हा त्या महापुरुषाचा धडा छपरासही तितकाच लागू आहे.

गावातील शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर आणि आरोग्य उपकेंद्र यांची छपरे कोणा एकाची नसतात, म्हणून ती अनेकदा कोणाचीच राहत नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत शाळा बंद असते आणि उघडते ती नेमकी पावसाच्या तोंडावर. सुटी संपण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीने गच्ची व पन्हळी पाहून घेतल्या तर मुलांना गळक्या वर्गात बसण्याची वेळ येणार नाही. गावात एकटी राहणारी वृद्ध माणसे असतात, कर्ता पुरुष गेलेली कुटुंबे असतात, ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली आणि घर महिनोन् महिने बंद राहिलेली कुटुंबे असतात. त्यांच्या छपरावर चढावयास कोणी नसते. गावातील तरुण मंडळांनी अशा घरांची यादी करून एकेक रविवार त्यांस दिला, तर त्यासारखे समाजकार्य दुसरे नाही.

एवढी काळजी घेऊनही निसर्गापुढे कधी कधी इलाज चालत नाही. भिंत फुगलेली दिसली, माळवदातून मातीचे कण गळू लागले, तुळई करकरू लागली, तर वस्तूंचा मोह न धरता घरातील माणसांनी तत्काळ बाहेर पडावे आणि रात्र शाळेत किंवा शेजारी काढावी. पडझड झाल्यास महसूल कर्मचाऱ्यांना लागलीच कळवून पंचनामा करून घ्यावा. नुकसानीची छायाचित्रे काढून ठेवल्यास पुढील काम सुकर होते.

शासन घरकुल बांधून देऊ शकते, रस्ता व नाली करून देऊ शकते, आपत्तीनंतर साह्यही देऊ शकते. परंतु प्रत्येक घराच्या पन्हळीतील निंबोळ्या काढावयास शासन येऊ शकत नाही. ते काम घरातल्याच माणसांचे आहे, आणि ते जितके लहान तितकेच परिणामांनी मोठे आहे. मृग लागण्यास अजून अवधी असतो तेव्हाच एक सकाळ त्यासाठी राखून ठेवावी. मग आभाळ कितीही भरून आले तरी घरातील आजी निश्चिंत झोपेल, बियाणे कोरडे राहील, आणि पावसाचा आवाज ऐकताना कोणालाही बादली शोधावी लागणार नाही.